खुल्या जागेवर वस्तीतला माणूस उभा करायचा कसा, आणि निवडून आल्यावर खुर्ची त्याचीच ठेवायची कशी

तहसीलच्या समोर माझं ऑनलाइन सेंटर आहे, परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एरवी झेरॉक्स, सातबारा, पीक विमा, शाळेचे फॉर्म असलं काम, पण ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या की आठ दिवस शटर रात्री एकला खाली येतंय आणि पहाटे पाचला माणसं परत दारात. बारा वर्षांत किती उमेदवारांचे फॉर्म भरले त्याचा हिशोब नाही, पण एक गोष्ट दर वेळी तीच बघितली. राखीव जागेवरची बाई मागच्या बाकड्यावर बसलेली, तिचं आधार कार्ड पॅनलप्रमुखाच्या खिशात, आणि मी विचारलं की ताई नाव काय तुमचं तर उत्तर द्यायला दुसराच कोणीतरी. हे बदलता येतंय, बदललेलं मी डोळ्यानं बघितलंय, म्हणून लिहायलोय.

आधी थोडं कुठं आहोत ते बघू. 73वी घटनादुरुस्ती 1993 च्या एप्रिलात लागू झाली आणि पंचायतीत एससी, एसटी आणि बायांसाठी जागा राखीव झाल्या, महाराष्ट्रात 2011 पासून बायांना निम्म्या. त्यामुळं आज कुठल्याही ग्रामपंचायतीत जा, बाया दिसतात, बौद्ध, मातंग, वडार, बंजारा, मुसलमान दिसतात, ज्यांचे आजे चावडीच्या ओट्याखाली उभे राहायचे. पण वर जावं तसं हे पातळ होत जातंय. 2024 च्या विधानसभेत 288 पैकी बाया 21 आणि मुसलमान 10, आणि 2011 च्या जनगणनेत मुसलमान राज्यात 11.54 टक्के होते. लोकसभेला 2024 मध्ये महाराष्ट्रातून 48 पैकी एकही मुसलमान गेला नाही, 2019 ला एकच गेला होता आणि तो आपल्याच मराठवाड्यातून, औरंगाबादेतून इम्तियाज जलील, 4,492 मतांनी. त्याच्याही आधी 1980 ला त्याच शहरानं काझी सलीम या उर्दू शायराला दिल्लीला पाठवलं होतं. आणि बीडनं केशरबाई क्षीरसागर यांना 1980, 1984 आणि 1991 असं तीनदा खासदार केलं, तेही बायांचं आरक्षण कुठंच नसताना. पक्ष कोणता ते ज्याचं त्यानं बघावं, मला एवढंच म्हणायचंय की आपल्या मातीला हे जमतच नाही असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. आणि वर जायचा जिना ग्रामपंचायतीपासूनच सुरू होतो, म्हणून तिथलंच सांगतो.

पहिल्यांदा डोक्यातली एक चुकीची समजूत काढा

गावात शंभरातल्या नव्वद लोकांना वाटतंय की एससीच्या माणसानं एससीच्याच जागेवर उभं राहायचं, बाईनं बाईच्याच, आणि खुली जागा म्हणजे मोठ्या भावकीची. हे कायद्यात कुठंच नाही. खुली म्हणजे सगळ्यांना खुली. बौद्ध बाई सर्वसाधारण जागेवर उभी राहू शकते, मुसलमान पोरगा राहू शकतो, तांड्यावरचा राहू शकतो, आणि वरून त्या जागेसाठी जातीचं प्रमाणपत्र लागतच नाही, म्हणजे अर्धी कागदाची कटकट तिथंच गेली. उलट राखीव जागेवर मात्र त्या प्रवर्गाचाच माणूस चालतो.

हे पारावर बसून सांगा, बचत गटाच्या मीटिंगमध्ये सांगा, मशिदीतून बाहेर पडणाऱ्या पोरांना सांगा. कारण आरक्षणाची सोडत फिरती असते, यंदा तुमच्या वॉर्डात एससी महिला पडली तर पुढच्या वेळी दुसरंच काही पडेल, आणि मग पाच वर्षं काम केलेली बाई घरी बसते. "आता जागा सुटली, आता तुमचं काय काम" असं तिला तोंडावर म्हणतात. ती बाई खुल्या जागेवर परत उभी राहिली आणि निवडून आली तर समजायचं की गावानं तिला जातीवरून नाही, कामावरून मत दिलं. तिथपर्यंत जायचंय.

मुसलमानांसाठी धर्मावर वेगळी राखीव जागा नाही, हे पण नीट समजून घ्या. पण मन्यार, बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसीच्या यादीत आहेत, त्यासाठी आपल्या जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली होती. म्हणजे ओबीसीच्या जागेवर या घरातला माणूस उभा राहू शकतो. कैक जणांना हे मी दुकानात सांगितलं तेव्हाच कळलं, तोवर फॉर्म भरायचे दोन दिवस राहिलेले.

कागद. इथंच सगळ्यात जास्त माणसं बाद होतात

माझ्या अनुभवात वस्तीतला उमेदवार मतदानात पडायच्या आधी छाननीत पडतो. म्हणून निवडणूक लागायची वाट बघायची नाही, सोडत निघाली त्या आठवड्यातच पिशवी भरायला घ्यायची. एक प्लॅस्टिकची फाईल करा आणि ती उमेदवाराच्या घरी ठेवा, पॅनलप्रमुखाच्या वाड्यावर नाही.

वय 21 पूर्ण, मतदार यादीत नाव, हे तर सगळ्यांना माहीत असतंय. 1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पास लागते, त्याआधीच्या जन्माला ही अट नाही, त्यामुळं पन्नाशीच्या काकूला कोणी "तुम्ही शिकलेल्या नाहीत, तुमचा फॉर्म बाद होईल" म्हणून घाबरवत असेल तर ते खोटं आहे. 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या लेकरांचा हिशोब करून दोनपेक्षा जास्त अपत्यांचा नियम आधीच तपासा. घरपट्टी, नळपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि पावती जपून ठेवा. शौचालय वापरत असल्याचा दाखला लागतो. वरून दिसायला बारीक गोष्टी आहेत, पण विरोधी पॅनलचा वकील नेमका याच्यावर बोट ठेवतो.

आता अतिक्रमण. सरकारी जमिनीवर अतिक्रमण असेल तर माणूस अपात्र होतो, आणि 2018 ला सुप्रीम कोर्टानं एका प्रकरणात घरातल्या माणसाचं अतिक्रमण पण धरलं. मराठवाड्यात ही लई मोठी अडचण आहे कारण आपल्याकडं दलित, पारधी, मातंग घरांनी पिढ्यानपिढ्या गायरान कसून खाल्लंय, जमिनीसाठी आंदोलनं केलीत, आणि आता त्याच गायरानावरून त्यांना खुर्चीतून उठवायला अर्ज जातात. घर गावठाणात आहे का गायरानात, जमीन नावावर झाली का, सातबारावर किंवा आठ-अ ला काय लागलंय, हे उमेदवार ठरवायच्या आधी बघा. शंका असेल तर वकिलाला दाखवा, फॉर्म भरून मग पळापळ करू नका. निवडून आलेला माणूस दीड वर्षानं अपात्र झालेला मी बघितलाय, पूर्ण वस्तीचा धीर खचतो.

राखीव जागेवर उभं राहायचं असेल तर जातीचं प्रमाणपत्र, आणि जातपडताळणी झालेली नसेल तर पडताळणी समितीकडं अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र. निवडून आल्यावर वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर पद जातंय. इथं दोन तीन अडचणी आमच्याकडच्याच आहेत. लग्न झालेल्या बाईचं जातप्रमाणपत्र तिच्या बापाकडच्या कागदावर निघतं, सासरच्या नाही. म्हणजे काकू नांदतात सेलू तालुक्यात पण कागद आणायचे माहेरून, कुठंतरी मंठ्याकडून नाहीतर रिसोडकडून, भावाची टीसी, बापाचा शाळेचा दाखला, आणि भाऊ म्हणणार बघू सवड झाली की. त्यामुळं माहेरी जाऊन यायला चार दिवस काढून ठेवा. मग पुरावा 1950 च्या आधीचा एससीला, ओबीसीला 1967 च्या आधीचा, आणि आपण त्या काळात निजामाच्या राज्यात होतो, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, म्हणून जुनी दप्तरं कुठं उर्दूत तर कुठं मोडीत. 1954 चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, बघा, त्यात कैक जणांना आज्याचं नाव सापडतं. उर्दू वाचणारा म्हातारा माणूस गावातल्या मोहल्ल्यात असतोच, त्याला चहा पाजा आणि मानानं घेऊन जा. आमच्या इथं एका बौद्ध कुटुंबाची नोंद एका मुसलमान चाचांनी वाचून दिली होती, दोन दिवस रेकॉर्ड रूमच्या धुळीत बसून, एक रुपया घेतला नाही.

बौद्ध घरात बापाच्या दाखल्यावर महार आणि पोराच्या दाखल्यावर बौद्ध असं असतं. त्यानं घाबरू नका, 1990 च्या दुरुस्तीनं बौद्धांना केंद्राच्या यादीतही एससी धरलंय, फक्त दोन्ही कागद एका माणसाचे आहेत हे जुळवून दाखवायचं. मुसलमान ओबीसीचं जास्त अवघड, टीसीवर नुसतं "मुसलमान" लिहिलेलं असतं आणि बिरादरी कुठंच नाही, मग आज्याच्या जुन्या नोंदीत पिंजारी, तांबोळी असं काही लिहिलेलं सापडतं का ते शोधत बसावं लागतं. हे काम दोन दिवसांत होत नाही, सहा महिने लागतात. ज्या घरातून पुढंमागं कोणी उभं राहायची शक्यता आहे त्या घरानं निवडणूक नसताना पडताळणी करून ठेवावी. लेकरांच्या शिक्षणाला पण तेच लागतंय.

आणि तृतीयपंथी उमेदवार असेल तर ही माहिती छापून खिशात ठेवा. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी महिलांच्या जागेवर फॉर्म भरला, अधिकाऱ्यानं तो बाद केला, त्या मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या आणि जानेवारी 2021 मध्ये कोर्टानं त्यांना महिला जागेवर लढायला मुभा दिली. त्या लढल्या आणि निवडून आल्या. त्याच्याही आधी 2017 ला सोलापूर जिल्ह्यात तरंगफळ गावानं ज्ञानदेव कांबळे यांना थेट सरपंच केलं होतं. धाराशिवची हद्द ओलांडली की सोलापूर जिल्हाच लागतो, म्हणजे हे काही परमुलखातलं नाही. मतदार यादीत आणि बाकीच्या ओळखपत्रांवर नाव, लिंग एकसारखं आहे का हे मात्र आधी जुळवून घ्या.

फॉर्म स्वतः उमेदवारासमोर बसून भरा. डिसेंबर 2020 ला साइट इतकी अडकली की आयोगाला ऑफलाइन फॉर्म घ्यायची परवानगी द्यावी लागली होती, म्हणून शेवटच्या दिवसावर ढकलू नका. शपथपत्रात काय लिहिलंय ते वाचून दाखवा, एक एक ओळ, सही करायच्या आधी. बाईला वाचता येत नसेल तरी ऐकता येतंय. पॅनलवाले म्हणतील एवढा वेळ कशाला, तुम्ही ऐकू नका.

सूचक, सोबती आणि वॉर्डातलं गणित

खुल्या जागेवर अल्पसंख्याक उमेदवार नुसत्या आपल्या गल्लीच्या मतांवर येत नाही, हे स्पष्ट बोलू. वॉर्डात मोहल्ल्याची मतं 120 आणि बाकी 400 असतील तर बाकीच्यातली लागतातच. म्हणून सूचक, म्हणजे फॉर्मवर उमेदवाराचं नाव सुचवून सही करणारा, कोण हे लई महत्त्वाचं. आमच्या शेजारच्या गावात एक पोरगा उभा होता, बोरवेलच्या मोटारी दुरुस्त करणारा, आडनाव शेख. त्याच्या फॉर्मवर सूचक म्हणून सही केली ती गावातल्या सगळ्यात जुन्या माळकरी पाटील आजोबांनी. ऐंशीच्या पुढचे, हात थरथरणारा, माझ्या दुकानात टेबलावर कोपर टेकवून त्यांनी सही केली आणि पोराला म्हणले, "उन्हाळ्यात रात्री दोनला माझी मोटार काढून दिलीस, तेव्हा मी तुला जात इचारली न्हवती." ही गोष्ट दोन दिवसांत पूर्ण गावात गेली. पोस्टर लावून जे होत नाही ते त्या सहीनं झालं, पोरगा 31 मतांनी आला.

तर असा उमेदवार शोधा ज्याचं काम आधीपासून सगळ्या गल्ल्यांत आहे. मोटारवाला, आशाताई, अंगणवाडीच्या मदतनीस, दूध गोळा करणारा, बचत गटाची अध्यक्ष. यांना घराघरात उंबऱ्याच्या आत घेतलेलं असतं. आणि सूचक दुसऱ्या समाजाचा घ्या, मुद्दाम घ्या.

मतदाराला मशीन समजावून सांगायचं विसरू नका. एका वॉर्डात दोन तीन जागा आणि वर थेट सरपंच, म्हणजे एकाच माणसानं तीन चार बटणं दाबायची. मशीनवरच्या कागदाचे रंग वेगळे असतात, सर्वसाधारण जागेचा पांढरा, एससीचा फिका गुलाबी, ओबीसीचा फिका पिवळा. खुल्या जागेवरची आपली बौद्ध उमेदवार पांढऱ्या कागदावर आहे हे म्हाताऱ्या बायांना दहादा सांगावं लागतं, नाहीतर त्या गुलाबी कागदावर तिचं नाव शोधत बसतात.

आपल्या भागातली अजून एक गोष्ट म्हणजे ऊसतोड. दसरा झाला की बीड, जालना, परभणीतली वस्तीच्या वस्ती आणि तांडेच्या तांडे कोयता घेऊन कारखान्यावर, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक कैक वेळा नेमकी डिसेंबर जानेवारीत. ज्या लोकांचा उमेदवार आहे तेच लोक सांगलीकडं, कर्नाटकात फडात. मुकादमाशी आधी बोला, मतदानाच्या दिवशीची सुट्टी ठरवून घ्या, टोळीतल्या एखाद्या शिकलेल्या पोराचा नंबर घेऊन रोज संपर्क ठेवा. पण गाडी उमेदवाराच्या पैशानं पाठवू नका, मतदारांना फुकट वाहन देणं हा निवडणुकीतला गैरप्रकार धरला जातो. लोक आपापसात वर्गणी काढून येतात, येतातच, त्यांना कारण द्या फक्त.

खर्चाचा हिशोब रोज वहीत लिहा. निकालानंतर 30 दिवसांत तो द्यावा लागतो, हरलेल्यानंसुद्धा, आणि नाही दिला तर पुढं उभं राहायला बंदी येते. पडलेले उमेदवार हे हमखास विसरतात आणि पुढच्या वेळी तेच आडवं येतं.

माघार घे म्हणून दबाव आला तर

येतोच. कधी गोडीत, "गावाची एकी राहू दे, बिनविरोध करू, मंदिराला पैसे देऊ." बिनविरोध सगळ्यांच्या मनानं होत असेल तर माझी ना नाही, पण बिनविरोधमध्ये बसायला कोण सांगतंय आणि उठायला कोणाला सांगतेत ते बघा, दर वेळी उठणारं घर तेच असेल तर त्याला एकी म्हणता येत नाही. 2021 च्या जानेवारीत सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून राज्य निवडणूक आयोगानं नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथली निवडणूकच रद्द केली होती. हे उदाहरण तोंडावर सांगा.

कधी गोडीत नाही येत. किराणा बंद, दळण बंद, शेतात कामाला बोलवायचं बंद, रस्ता अडवायचा. अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट लिहिलंय की एससी, एसटीच्या माणसाला फॉर्म भरू न देणं, माघार घ्यायला लावणं, निवडून आलेल्या सदस्याला किंवा सरपंचाला काम करू न देणं, आणि मतदानानंतर बहिष्कार टाकणं हे सगळे गुन्हे आहेत. आणि आपल्याच समाजानं किंवा जातपंचायतीनं वाळीत टाकलं तर त्यासाठी 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, महाराष्ट्रानं केलेला. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, तारीख वार टाका, फोनवरचं बोलणं जपून ठेवा.

आणि उमेदवाराच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या भीतीला हसू नका. 1978 च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळली, आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला. त्या वेळी विशीत असलेली माय आज घरात बसलेली आहे आणि ती लेकीला म्हणते नको ग बाई उभी राहू. तिच्याजवळ जाऊन बसा. शक्यतो दुसऱ्या समाजातल्या चार बाया घेऊन जा, त्यांनी सांगावं की आम्ही आहोत. तिला कायद्याचं कलम नको असतं, शेजारीण पाहिजे असते.

निकाल लागला. खरं काम आता

गुलाल उधळून माणसं घरी गेली की नवीन सरपंचाला एकटं सोडू नका. पहिल्या महिन्यात तीन गोष्टींवर लक्ष ठेवा, खुर्ची, डोंगल आणि प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेत काय ठरलं ते लिहायची वही.

खुर्ची म्हणजे खरोखरची खुर्ची. आमच्या ओळखीच्या एका काकू एससी महिला जागेवर थेट सरपंच झाल्या, शेतमजूर, सही करता येते आणि सावकाश वाचता येतं. पहिल्या मीटिंगला त्या गेल्या तर टेबलामागच्या खुर्चीवर पॅनलप्रमुखाचा पुतण्या बसलेला, सदस्य नाही काही नाही, आणि काकूंना म्हणला "बसा की तिकडं सतरंजीवर, बायात." काकू बसल्या. मला नंतर कळलं तेव्हा पोटात कालवलं. पुढच्या मीटिंगला गावातल्या दोन बचत गटाच्या बाया, एक मराठा आणि एक धनगर, काकूंसोबत आत गेल्या, काही भांडल्या नाहीत, फक्त खुर्चीजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणल्या "सरपंच आल्यात, उठा." तो उठला. त्यानंतर परत कधी बसला नाही. एवढं साधं होतं ते, पण कोणीतरी म्हणायला पाहिजे होतं आणि ते काकूंच्या जातीबाहेरच्या माणसानं म्हणायला पाहिजे होतं.

डोंगल कळीचा मुद्दा. वित्त आयोगाचा पैसा आता ग्रामपंचायतीच्या खात्यावर थेट येतो आणि ऑनलाइन पेमेंटला सरपंचाची आणि ग्रामसेवकाची (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतेत) डिजिटल सही लागते. ती सही एका बारक्या पेन ड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते आणि त्याला पासवर्ड. ज्याच्या खिशात डोंगल तो सरपंच, इतकं सरळ आहे. काकूंचं डोंगल सात महिने पुतण्याच्या गाडीच्या किल्लीला अडकवलेलं होतं आणि त्यांच्या नावानं बिलं निघत होती. उद्या चौकशी लागली तर सही काकूंची, वसुली काकूंवर. ते परत घेतलं तेव्हा माझ्याच दुकानात पासवर्ड बदलला, काकूंनी स्वतः निवडला, मी तोंड तिकडं फिरवलं, आणि डोंगल त्यांनी ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवलं. तुमच्या गावात सरपंच बदलला की पहिल्या आठवड्यात हे करा. डोंगल हातात, पासवर्ड पाठ, आणि ओटीपी येतो तो मोबाइल नंबर तिचा स्वतःचा, पोराचा नाही, दिराचा नाही.

प्रोसिडिंग बुकवर कोऱ्या पानाखाली सही करायची नाही. मीटिंग झाली की लिहिलेलं वाचून घ्यायचं, ओळी मोकळ्या असतील तर आडवी रेघ मारायची आणि मग सही. काकूंना हे जमायला दोन महिने लागले कारण ग्रामसेवक घाई करायचे, त्या म्हणायच्या "वाचा सायेब, मी ऐकते." सभेत सदस्य नसलेला माणूस बसून निर्णय घेऊ शकत नाही, सरपंच पती असो की भाऊ असो. नवऱ्यानं गाडीवर आणून सोडावं आणि बाहेर थांबावं, घरी जाऊन चर्चा करावी, त्याला कोणाची हरकत नाही.

पैशात वस्तीचा वाटा कुठं आहे ते सरपंचाला आणि सदस्यांना तोंडपाठ पाहिजे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. किती वसुली झाली आणि त्यातले किती गेले हे मीटिंगमध्ये विचारा. पण इथं एक सल्ला देतो, बऱ्याच जणांना पटणार नाही. अल्पसंख्याक किंवा दलित सरपंचानं पहिलं मोठं काम सगळ्या गावाला लागणारं घ्यावं, पाण्याची टाकी, स्मशानाचा रस्ता, शाळेची भिंत, आणि वस्तीचा नाला त्याच्यासोबत चालवावा. वस्तीचं आधी घ्यायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, इतकी वर्षं तो नाला तसाच आहे. तरी मी हे म्हणतो कारण पुढच्या वेळी खुल्या जागेवर उभं राहायचंय आणि चारशे मतं त्या टाकीचं पाणी पितेत. काकूंनी दोन्ही सोबत केलं, टाकीला वरच्या आळीनं जागा दिली, नाल्याला खालच्या आळीनं श्रमदान केलं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कागदावर होऊ देऊ नका, खरी घ्या, दुपारी तीनला, जेव्हा बाया रानातून मोकळ्या होतात. काकूंनी ती एकदा बौद्ध विहारात, एकदा मोहल्ल्यात मदरशाच्या अंगणात आणि एकदा मारोतीच्या मंदिरासमोर घेतली. वरच्या आळीतल्या कितीतरी बाया लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा विहाराच्या आत आल्या, चहा घेतला, आणि भिंतीवरचे फोटो बघत कोण कोण आहे ते विचारत होत्या.

अविश्वासाची भीती दाखवतील. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही आणि नंतर आणला तरी ग्रामसभेची मान्यता लागते. म्हणून ग्रामसभा भरलेली पाहिजे, कोरमची माणसं गोळा करणं हे तुमचं माझं काम आहे. 26 जानेवारीला झेंडा सरपंचानं फडकवायचा, त्या दिवशी लवकर उठून जा, टाळ्या वाजवायला. काही ठिकाणी झेंड्याच्या दोरीवरूनच राडा होतो, तिथं वीस पंचवीस माणसं नुसती शांत उभी असली तरी फरक पडतो.

काकूंची पाच वर्षं संपली. सोडतीत सरपंचपद सर्वसाधारण निघालं आणि गावात बोलायला लागले की आता मोठी माणसं उतरणार. फॉर्म भरायच्या तिसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्या, सोबत त्या दोन बचत गटाच्या बाया आणि तो मोटारवाला पोरगा. प्लॅस्टिकची तीच फाईल टेबलावर ठेवली, माहेरून आणलेले सगळे कागद, बापाचा दाखला, खासऱ्याची नक्कल, वैधता प्रमाणपत्र, सगळं लॅमिनेट केलेलं. म्हणल्या, "बाळा, हे आधी लाव." मी म्हणलो, काकू, ह्या टायमाला जातीचा कागद लागत नाही, खुली जागा आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वैधतेचा कागद काढून घेतला, पदरानं पुसला, आणि परत पिशवीत ठेवला. "बरं," म्हणल्या, "मग सूचकाचं नाव लिही." बाहेर बाकड्यावर पाटील आजोबा बसलेले होते.